इल्युसिडेट आणि मूठभर कापूस

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी इंग्रजीत दोनदा आपटले. दोन्ही वेळा प्रश्नात 'इल्युसिडेट' हा शब्द होता आणि मी पाठाचा सारांश खरडून आले होते. कोणाला अर्थ विचारायची लाज वाटायची. दोन लेकरांची आई, कशाला हसं करून घ्या! समुद्रपूरच्या एका खासगी शाळेत मी कारकून होते. शाळेने स्पष्ट सांगितलं होतं, यंदा पदवी नाही तर जूनपासून येऊ नका. ही नोकरी मी सोडणार नव्हते. काहीही होवो.

एका शनिवारी एस.टी.ने वर्धा गाठलं आणि वाचनालयातला जाडजूड शब्दकोश उघडला. शब्द लॅटिनमधला निघाला. 'ए' म्हणजे बाहेर, 'लुसिडस' म्हणजे उजळ, आणि त्याच्याही मुळाशी 'लक्स', उजेड. अर्थ, स्पष्ट करून सांगणे. वहीत उतरवलं, पण करायचं नेमकं काय ते कळेना. माझी मलाच चीड आली.

घरी आले तेव्हा सासरे शेडमध्ये एका शेतकऱ्याचा कापूस पाहत होते. खरेदीचा धंदा आमचा. मी सरळ विचारलं, "मामाजी, एखादी गोष्ट बाहेर उजेडात आणणं म्हणजे काय करणं?"

"मंग मी रोज काय करून राह्यलो, सुनबाई?" म्हणत त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. "वरचा माल कोणीबी चांगलाच ठेवते. पोटातला काढा लागते."

मूठ घेऊन ते उन्हात गेले. शेतकऱ्यालाही सोबत नेलं. पुंजका दोन्ही हातांनी ओढून उकलला. "हा पानाचा चुरा. हे पिवळी कवडी, किडक्या बोंडातली. पण धागा लांब आहे. आता भाव सांगतो. त्याले दिसल्याबिगर बोललो, तं त्यानं काऊन मानावं?"

मी तिथेच उभी राहिले. दोन वर्षं मी परीक्षकाला ढिगाचा वरचा थर दाखवत होते, नीट पाठ केलेला.

त्यानंतर रोज पहाटे पाठातलं एकच वाक्य घ्यायचे. त्यात काय दडलंय, ते कशावरून, समोरच्याला कसं दाखवायचं. कंटाळा यायचा, तरी वहीवरून उठायचे नाही. परीक्षेत तोच शब्द पुन्हा समोर आला. या वेळी सारांशाची एक ओळही लिहिली नाही.

पास झाले. जूनमध्ये मुख्याध्यापिकाबाईंनी रजिस्टर काढलं आणि माझ्या नावापुढचा 'तात्पुरत्या' हा शब्द खोडला. मी त्यांच्यासमोरच रडले, आणि डोळे पुसायची घाई केली नाही.