हंपीच्या वहीतला अभिप्राय

आमचं घराणं बंगळूर भागात येऊन कितीतरी पिढ्या झाल्या. घरात मराठी बोलतो, भांडतो कन्नडात. मी शाळेत कन्नड शिकवते. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या सोसायटीत अलीकडे पुण्या-मुंबईचे बरेच मराठी लोक राहायला आले. त्यांनी हंपीची सहल काढली आणि मला मोठ्या आग्रहाने बोलावलं. मला वाटलं, शेजारधर्म. बसमध्ये कळलं, त्यांना फुकटची दुभाषी हवी होती.

सहलीचे पुढारी आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. पुण्यात सरकारी नोकरी करून निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला आले. वर्षभर इथे राहून ‘बेडा’, म्हणजे ‘नको’, एवढा एकच कन्नड शब्द शिकले, तोही भाजीवाल्याला हाकलायला. त्यांचा मुलगा कामात होता, म्हणून सोबत त्यांची सून आली होती. मारतहळ्ळीच्या एका कंपनीत काम करणारी, कमी बोलणारी मुलगी.

हंपीजवळच्या होसपेटला सकाळी गरम इडल्या समोर आल्या, तर अर्धी बस पोह्यांची चौकशी करत बसली. मी म्हटलं, “आवरा स्वल्प, उन्हाच्या आधी पोचू.”

“‘जरा’ नाही, ‘स्वल्प’!” काका हसले. “तुमच्या मराठीला इथलं पाणी लागलंय हो.”

सगळे हसले. पाणी मला लागलं होतं, आणि बाटलीबंद पाण्याचे खोके बसमध्ये भरून आणले होते त्यांनी.

विरूपाक्षाच्या देवळात काकांनी व्याख्यान सुरू केलं. ते दुपारपर्यंत चाललं. उग्रनरसिंहासमोर ते म्हणाले, “हे आपल्याकडे असतं तर कसं जपलं असतं!” कमळ महालासमोर म्हणाले, “कारागीर आपल्याकडूनच आले असणार.” एवढं अफाट नगर कुणी वसवलं, ते कसं उजाड झालं, याच्याशी कुणालाच घेणंदेणं नव्हतं. बाया साड्यांच्या रंगाला शोभणारी भिंत शोधत होत्या. पुरुषांना मोबाइलला रेंज हवी होती.

मग विठ्ठल मंदिर. गाभारा रिकामा आहे, तरी दोघीतिघींनी आत वाकून नमस्कार केला. काका म्हणाले, “मूर्ती सांभाळता आली नाही यांना.” बाहेर मंडपापाशी दोर बांधलेला, शेजारी पाटी: खांबांना हात लावू नये. काकांच्या हातात घडीची काठी होती. कुणीतरी म्हणालं, “काका, हेच ते वाजणारे खांब! वाजवा ना!” वीस मोबाइल वर झाले. काकांनी दोरावरून वाकून काठी खांबावर हाणली. एकदा, दोनदा. खांब काही वाजला नाही, शिट्टी तेवढी वाजली.

रखवालदार बाई धावत आली. खाकी साडी, घामेजलेला चेहरा. वीसही मोबाइल क्षणात खिशात गेले आणि त्यांचे मालक दगडी रथाकडे. उरलो काका, सून आणि मी.

“अक्का,” बाई मला कन्नडात म्हणाली, “पाटी कन्नडात आहे, हिंदीत आहे, इंग्रजीत आहे. यांना यातलं काहीच येत नाही?”

मी भाषांतर केलं.

“मराठीत कुठाय?” काका म्हणाले. “तिला सांगा, मी इतिहासाचा अभ्यासक आहे.”

मी बाईला म्हटलं, “चुकलं म्हणतायत.”

तिने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि एक वही पुढे केली. “सरी, ठीक आहे. माफी लिहून सही करू द्या, मग जा. मला वर दाखवावं लागतं.”

“अभिप्रायाची वही का?” काका खूश झाले. “लिहा, लिहा. तुम्हीच लिहा कन्नडात, मी सही करतो.”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी सांगितलं नाही. मी लिहिलं: पाटी असूनही मी खांबावर काठी मारली, माझी चूक झाली, पुन्हा असं करणार नाही. मग मला मोह झाला. खाली आणखी एक ओळ लिहिली: या जागेबद्दल मला काहीही माहिती नाही.

“सहीखाली ‘इतिहास अभ्यासक’ घाला,” काका म्हणाले. मी तेही घातलं. त्यांनी ऐटीत सही ठोकली. बाईने वाचलं, ओठ घट्ट मिटले आणि पाठ फिरवली.

परतीच्या बसमध्ये काका पुढच्या सीटवर घोरत होते. सून माझ्या शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, “मी दोन वर्षं कन्नड शिकतेय. जोडाक्षरं अडतात, पण वहीतलं वाचलं मी.”

माझे कान तापले.

“शेवटचं वाक्य त्या रखवालदार बाईने सांगितलं नव्हतं ना?”

“नाही.”

“ते म्हातारे आहेत हो. घरी त्यांचं कुणी ऐकत नाही. म्हणून बाहेर बोलतात.”

“मग दगडांनी ऐकायचं?” मी म्हटलं.

मला राग आला, आणि तो तिचाच आला, कारण ती बरोबर होती. काकांची मात्र तरीही कीव आली नाही. एकटा माणूस आपल्या घरी एकटा असतो. त्यासाठी त्याने दुसऱ्याच्या देवळावर काठी का आपटायची?

दिवाळीच्या कार्यक्रमात काकांनी माइकवरून सांगितलं, की हंपीच्या वहीत त्यांनी अभिप्राय नोंदवला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सगळ्यांत खोट्या टाळ्या माझ्याच होत्या. सुनेने मान खाली घातली होती. ती हसत होती की नाही, ते मला मागच्या रांगेतून दिसलं नाही.

या वर्षी बदामीची सहल निघाली. मला निरोप आला, “तुम्ही हव्यातच.” मी शाळेची कामं सांगितली. माझ्या जागी दुभाषी म्हणून सून गेली. परत आल्यावर जिन्यात भेटली तेव्हा थकलेली दिसली.