पाळकबाईंच्या ट्रंका

पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या पाद्रीसाहेबांच्या, मदतीला निघालं की मदत कमी आणि किस्से जास्त जमतात. जळगाव-धुळ्याच्या आमच्या मंडळात आम्ही पाचच जण. पाळक किंवा त्यांचं कुटुंब अडचणीत असलं की धावायचं, एवढंच काम. पण प्रत्येक मीटिंगला हसून हसून पोट दुखतं.

मध्यंतरी मला हौस आली, मंडळाचा इतिहास लिहावा. सगळ्यांत जुने सभासद धुळ्याचे नाना. त्यांना विचारलं, स्थापना कशी झाली? मला वाटलं ठराव, अध्यक्ष, हारतुरे असं काही निघेल. नाना म्हणाले, "पाळक वारले. चर्चचा बंगला रिकामा करायचा होता. त्यांच्या बाई ट्रंका घेऊन व्हरांड्यात बसलेल्या. माझ्या बापाने ट्रंका बैलगाडीत टाकल्या नि घरी आणल्या. मंडळ मागून निघालं."

झाला इतिहास!

नव्या पाळकांना आम्ही उपासनेचा पांढरा झगा शिवून देतो. शिवतात नशिराबादचे रफिकभाई. एकदा एक अगदी काडीपैलवान पाळक आले, आणि रफिकभाईंनी झगा चांगला ऐसपैस शिवला. मी कुरकुरलो. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, हिवाळा येऊ द्या. साहेब घरोघरी भरीत खाणार ना?" उन्हाळ्यापर्यंत झगा अगदी मापात बसला.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाळकांना ब्लँकेटं दिली, ती त्यांनी गावात वाटून टाकली. पुन्हा दिली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेलो तर पाळकबाई आधीच एसटीच्या थांब्यावर हजर. म्हणाल्या, "ब्लँकेटं माझ्या हातात द्या. साहेबांना फक्त प्रार्थना करू द्या."

गेल्या वर्षी मात्र हसू आटलं. धुळ्याचे पाळक अचानक वारले. मूलबाळ नाही, मागे एकट्या पाळकबाई, आमच्या अक्का. नवे पाळक येणार म्हणजे बंगला सोडायलाच हवा. खूप फिरून आम्हाला खोली मिळाली ती धुळ्याबाहेर, पार सोनगीरला. अक्कांचं चर्च, मैत्रिणी, भाजीवाली, सगळं धुळ्यात.

ठरल्या दिवशी नानांनी टेम्पो आणला. अक्कांनी फरशी पुसून ठेवलेली. आम्ही ट्रंका चढवल्या, तेवढ्यात नवे पाळक आले. बरोबर त्यांची बायको, धरणगावची, नुकतंच लग्न झालेली. अक्कांनी बंगल्याची किल्ली तिच्यापुढे धरली. आम्ही सगळे खाली बघत उभे.

तिने किल्ली घेतलीच नाही. स्वयंपाकघरात डोकावून आली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाली, "अक्का, किल्ली तुमनाजोडेच राहू द्या. तुम्ही कुठे जाऊ नका. माले भरीत कराले येत नही."

भरिताच्या मुलखातल्या, धरणगावच्या पोरीला भरीत येत नाही, हे नानांनी अगदी गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं. मग टेम्पोवाल्याकडे वळून म्हणाले, "ट्रंका उतरव."