साठ्यांच्या माथी मारलेली गळती

आमच्या हॉलच्या भिंतीला गळती लागली आहे, हे सिद्ध करण्यासाठी मी वरच्या मजल्यावरच्या साठ्यांना अर्ध्या दाढीवर खाली ओढून आणलं.

माझ्या मुलीच्या, प्राचीच्या, हळदीचा आदला दिवस. मी टाइल्सचा धंदा शून्यातून उभा केलेला माणूस. (सांगितलेल्या भावात मी आजवर काडेपेटीसुद्धा घेतलेली नाही. घरात याचं कुणाला कौतुक नाही, हे माझं जुनं दुखणं!) हॉलच्या एका भिंतीला विटकरी रंग लावून घेतला होता आणि तिच्यावर टांगायला सीवूड्सच्या डेकोरेटरकडून चकचकीत फ्लेक्स ठरवला होता. त्याला इतकं घासलं, की शेवटी तो गिऱ्हाइकाशी बोलतात तसा नाही, देवाला विनवतात तसा माझ्याशी बोलायला लागला.

अडचण एकच. माझी आये. वय ऐंशीच्या पुढे. आमच्या तळवली गावात पूर्वी कुणाकडे लग्न निघालं, की गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढायला तिलाच बोलावणं यायचं. पुढे स्लॅबची घरं आली आणि तिची बोटं रिकामी झाली.

"नातीची भित मीच लिवनार," ती म्हणाली.

"आये, हात कापतो तुझा!"

"कापूं दे. माजा हाय."

"फ्लेक्स येतोय. विषय संपला!"

ती गप्प बसली. सौदा झाला, असं मी धरून चाललो. (गिऱ्हाइकाच्या गप्प बसण्यावर मी कधी असा विश्वास ठेवला नसता!)

दुपारी दुकानातून जेवायला आलो. बायको आणि प्राची मेंदीला गेलेल्या. आये खुर्चीत डोळे मिटून पडलेली, पंखा फुल. आणि नव्या कोऱ्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओले, काळपट डाग! ते छतापासून नव्हे, भिंतीच्या मधूनच सुरू झाले होते. शहाणा माणूस इथे थांबून विचार करतो. मी जिना चढलो.

"साठे! उद्या पोरीची हळद आहे आणि तुम्ही पाणी सोडताय?"

साठे दाढी करत होते. "अहो काका, सोडायला पाणी आहे कुठे? सकाळपासून टाकी धुतायत. ही दाढी बिसलेरीवर चाललीय!"

"मग खाली काय गळतंय? तुमचा चहा?"

"पण त्या भिंतीवर आमचं बाथरूम येतच नाही. बाल्कनी येते!"

"म्हणजे बाल्कनीपण गळते! चला खाली!"

जिना उतरता उतरता मी त्यांच्याकडून अख्ख्या हॉलच्या रंगाचा खर्च कबूल करून घेतला. (किचनपण मागत होतो, तेवढ्यात आमचा मजला आला.)

"बघा!" मी दार ढकलून भिंतीकडे हात केला.

साठ्यांनी बघितलं आणि चपला काढल्या.

पंख्याखाली पीठ सुकलं होतं. ओलं असताना न दिसणारं सगळं पांढरंशुभ्र होऊन वर आलं होतं. भात लावणाऱ्या बायका, मिठागरातले ढीग, खाडीतली होडी. वर उलव्याच्या विमानतळाकडे उतरणारं विमान, त्याला माशासारखे कल्ले! त्याखाली स्कूटरवरून सासरी निघालेली नवरी, हेल्मेटवर मुंडावळ्या. आणि खाडीचं पाणी... आयेचा हात जिथे जिथे कापला होता, तिथे तिथे ते हलत होतं. खरंच हलत होतं. मशीनवर छापणाऱ्याला जन्मात जमलं नसतं.

एवढं सगळं हिच्या बोटांत इतकी वर्षं होतं, आणि मी तिला भाजी निवडायला बसवत होतो!

"कनाला आरडत होतास रं जिन्यात?" आयेने डोळे उघडले. "झोप मोडली माजी."

तेवढ्यात प्राची मेंदीचे हात वर धरून आत आली. भिंतीवरच्या नवरीचं हेल्मेट बघून हसली. मग मेंदीची पर्वा न करता तिने आयेला मिठी मारली. "बाबा, फ्लेक्स कॅन्सल करा."

मी तिथल्या तिथे फोन करून कॅन्सल केला. (आगाऊ दिलेले पैसे सोडले. डेकोरेटरने दोनदा विचारलं, "शेठ, तुमी बरे हाय ना?")

साठे मात्र भिंतीला नाक लावून उभे होते. "काका, एक गंमत बघितलीत? एवढ्या माणसांत कुणालाच तोंड काढलेलं नाही. फक्त या एकाला आहे."

कोळणीच्या टोपलीपुढे उभा, एक हात हवेत, आणि तोंड होडी आत जाईल एवढं उघडं. कोण ते कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती!

"आये," मी हळूच म्हटलं, "उद्या व्याही येणार. तोंड जरा लहान कर ना."

"तू म्हनून कमी करूनच काढलाय," आये म्हणाली. "याच्याखाली परवडत नाय."

आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेल्या भावात सौदा मान्य केला.