अठ्ठावीस अंशांचं पाणी

आयुष्यात थापा मी पुष्कळ मारल्या. बायकोला मारल्या, साहेबांना मारल्या, एकदा तर तिकीट तपासणाऱ्यालाही मारली. सगळ्या पचल्या. पचली नाही ती एकच, आणि ती मी तोंडानं मारलेलीसुद्धा नव्हती. छापील फॉर्मवर, शाईच्या पेनानं, सुवाच्य अक्षरात लिहिली होती.

कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात मी तेव्हा असिस्टंट इंजिनिअर होतो. पुण्याची पदवी, खिशात स्लाइड रूल आणि आपल्याला सगळं कळतं हा रोग. चेअरमनसाहेबांच्या मनात गावोगावचं दूध कारखान्यावर गोळा करून, गार करून मुंबईला पाठवायचं होतं. तोवर ते वाटेतच नासायचं. कारखान्याची वाफ तर फुकट आकाशात चालली होती. वाफेवर चालून गारवा देणारं यंत्र असतं, असं मी सभेत सांगितलं.

"म्हंजे चुलीवर बर्फ करायचा म्हना की!" एक डायरेक्टर म्हणाले. सगळे हसले. चेअरमन हसले नाहीत, आणि मी अडकलो.

यंत्र घेण्याआधी ते कागदावर चालवून बघायचं, हे माझंच खूळ. बारा महिन्यांचे बारा रकाने पाडायचे. कुठल्या महिन्यात वाफ किती, पाणी किती ऊन, दूध किती गार होईल, सगळं आधीच काढायचं. त्यासाठी कंपनीकडून एकच तक्ता हवा होता. या यंत्रातली उष्णता बाहेर काढायला सतत पाणी फिरवावं लागतं. ते पाणी जसं तापेल तसा यंत्राचा जोर उतरतो. किती उतरतो, तेवढंच मला पाहिजे होतं.

मुंबईला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी रंगीत माहितीपत्रक आलं. त्यावर एक गोरी बाई दुधाचा पेला धरून हसत होती. आकडा एकच, सगळ्यात चांगला तेवढा. दुसरं पत्र लिहिलं, तीच बाई परत आली. तिसऱ्या पत्रात मी जरा चिडलो, तेव्हा फॉर्म आला. तक्ता हवा तर आधी तुमची माहिती भरा. त्यात एक प्रश्न होता: ऐन हंगामात पाण्याचं जास्तीत जास्त तापमान किती?

आमचं पाणी म्हणजे फवाऱ्यांचं तळं. गाळप चालू असताना कारखान्यातलं तापलेलं पाणी तिथं फवाऱ्यांतून उडवून निववायचं आणि परत आत घ्यायचं. तळ्यावर एक बाबा होते, खर्ड्याकडचे. बरीच वर्षं कोयता घेऊन ऊसतोडीला आले. पाठ वाकली तेव्हा कुणीतरी रदबदली करून त्यांना तळ्यावर कायम केलं. "आता मरूस्तवर कोयता न्हाई," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

दिवाळीच्या आधी, गाळप सुरू व्हायचं होतं तेव्हा, मी पहाटे थर्मामीटर घेऊन तळ्यावर गेलो. चोवीस अंश.

"सायेब, ह्ये पानी निजलंय," बाबा म्हणाले. "कारखाना पेटला की या, मग बगा त्याची तऱ्हा."

"बाबा, पारा कधी खोटं बोलत नाही."

"त्यो कशाला बोलंल? त्याला कुटं बढती पायजे!"

मी हसलो. फॉर्म घेऊन चेअरमनसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "सोयरीक जमायच्या आधी घरातलं उणं कोण सांगतं का हो? यंत्र तर येऊ द्या." मग चोवीसात मी सढळ हातानं चार मिळवले आणि लिहिलं, अठ्ठावीस.

कंपनीनं आलेख पाठवला. त्यातली रेघ बत्तीस अंशांवर संपत होती. पुढं कोरा कागद. सोबत पत्र: पाणी बत्तीसच्या वर जाणार असल्यास कळवावे, वेगळा तक्ता देऊ. मी कळवलं, जाणार नाही. तरी सावधगिरी म्हणून पट्टी लावली आणि रेघ कोऱ्या कागदावर पुढं ओढली. पट्टी लावली की रेघेला काय, कुठंही जाते. माझ्या कागदावर दूध बाराही महिने गार झालं.

यंत्र यायला वर्ष लागलं. ते आलं तोवर बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला होता. नारळ फोडला, पेढे वाटले. पौषात यंत्र कसंबसं चाललं. कालव्याचं पाणी तुटलं, तळं कंबरेवरून गुडघ्यावर आलं. तेवढंच पाणी निवायच्या आत परत परत आत जाऊ लागलं. फाल्गुन लागला आणि एका दुपारी यंत्रानं अंग टाकलं. माझी रेघ हळूहळू उतरत होती. यंत्र कड्यावरून पडावं तसं पडलं.

त्या वर्षी बाया उसाच्या वाढ्यावर म्हशी जगवत होत्या. घरात पोरांना कोरा चहा पाजून किटल्या आमच्याकडं आणत. ते दूध आम्ही चार दिवस नाल्यात ओतलं. पाचव्या दिवशी रांगेतल्या एका म्हातारीनं नाल्याकडं पाहिलं, किटली उचलली आणि माघारी वळली. तिच्यामागं सगळी रांग गेली.

चौकशी बसली. चेअरमन आणि डायरेक्टरांपुढं बाबांना उभं केलं. फवाऱ्यांची तोंडं बुजली होती का?

"तोंडं म्या रोज तारंनं साफ करतो. पर पानीच गुडघ्याएवढं. निवंल कवा त्ये?"

"म्हणजे पाणी गरम होतं?"

बाबांना हसूच आलं. "हंगामात कवा गार हुतं, मालक? थंडीत समदी कॉलनी आंगुळीला हितलंच पानी न्हेती. या सायबांच्या दारात सकाळची बादली म्याच ठिवतो. ना चूल लागती, ना इसन."

सगळे माझ्याकडं वळले. खरं होतं. तीन हिवाळे मी त्याच पाण्यानं आंघोळ करत होतो. अंगाला मळीचा गुळचट वास यायचा, तो मला आवडायचासुद्धा. फॉर्म भरताना मला ती बादली आठवली नाही, असं मी पुढं अनेकांना सांगितलं. आठवली होती.

"तुमच्या कागदावर किती आहे?" चेअरमननी विचारलं.

"अठ्ठावीस."

"मोजलेलं?"

"मोजलेलं. फवारे साफ असते तर तेवढंच राहिलं असतं."

कंपनीचं ते बत्तीस अंशांचं पत्र फायलीत होतं, फाइल माझ्या मांडीवर होती. चेअरमननी ती मागितली नाही. सोयरीक कुणी जमवली, हे त्यांनाही आठवत असणार.

संध्याकाळी बाबांना कमी केल्याचा कागद मिळाला. त्यांनी तो मलाच वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. ते म्हणाले, "कोयता इकला न्हवता. पर ऊस कुटं हाय तोडाया? खडी फोडाया जावं लागंल." वाकलेली पाठ आणखी वाकवून त्यांनी चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची कडी वाजली. उघडलं तर कुणी नव्हतं. बादली होती, काठोकाठ भरलेली. सवयीनं ठेवली की आणखी कशानं, मला माहीत नाही. मी आत जाऊन थर्मामीटर आणला आणि बुडवला. एकोणचाळीस.

मग मी त्या पाण्यानं आंघोळ केली, भांग पाडला आणि ऑफिसला गेलो.