साध्या पाण्यातली मटकी

सोमवार, जूनची सुरुवात. प्रयोगशाळेत हजर: मंगळवेढ्याची संशोधक विद्यार्थिनी, तिचे मार्गदर्शक सर आणि सामान सांभाळणारी मी.

मटकीच्या तीन बश्या होत्या. दोन वाढीच्या संप्रेरकांच्या, एक साध्या पाण्याची. ती रोज झाकण उघडून आधी मोडांना "काय म्हणता?" विचारते, मगच पट्टी लावते. या वेळी पाण्यातलेच मोड सर्वांत लांब निघाले.

सर म्हणाले, "पाण्याची बशी टाकून दे. संप्रेरकांचा गुण दाखवायचाय आपल्याला. नाहीतर प्रबंध अडेल."

"अडू द्या की सर. उगवलंय ते उगवलंय. न्हाय कसं लिवू?"

मला बशी धुवायला सांगून सर गेले. तिनं त्याच बशीत पाणी शिंपडलं.

आता मोडांना पानं फुटलीत. बशी धुण्याचं माझं काम अजून बाकी आहे.