साडूंची वंशावळ आणि सात ॲप

माझ्या साडूंइतका संशयी माणूस वणीपासून महागावपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर साडूंना त्याचाही संशय येईल. ते लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त पंचांगात ताडून बघतात, औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या घरी येऊन मोजतात आणि मी त्यांच्या दारात उतरलो की आधी विचारतात, "कोन्या कामानं आले?" काही काम नाही म्हटलं तर जास्तच अस्वस्थ होतात. हा गुण त्यांच्या धंद्यातला. वणीच्या एका जिनिंगमध्ये ते ग्रेडर. कापसाची गाडी आली की वरचा दिखाऊ कापूस सोडून कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठभर बाहेर काढायचा, दोन अंगठ्यांत धागा ताणायचा आणि ओल किती, लांबी किती, कवडी म्हणजे किडका, पिवळा कापूस किती ते तिथल्या तिथे सांगून मोकळं व्हायचं. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली तरी गडी डगमगत नसे, उलट रंगात येई. पण हाच माणूस गॅसच्या नोंदणीचा दोन ओळींचा अर्ज तीन-तीन महिने लिहीत नसे. कागद समोर, पेन हातात आणि साडू खिडकीबाहेर बघत बसलेले. आम्ही सगळे त्याला आळस म्हणायचो. मी जरा मोठ्यानेच म्हणायचो, कारण मी मास्तर आहे आणि आळस ओळखण्याचाच आपल्याला पगार मिळतो अशी माझी समजूत होती.

बोंडअळीची ती वर्षं. त्या हंगामात जिनिंग दिवाळीनंतर कसंबसं सुरू झालं आणि संक्रांत सरताच बंद पडलं. साडू घरी बसले. उन्हाळ्यानंतर त्यांच्या मुलीचा शेतकी कॉलेजात नंबर लागला. अळीने पोखरलेली बोंडं तिने आजोळच्या शेतात स्वतः फोडून पाहिली होती, म्हणून हट्टाने हेच शिक्षण धरलं होतं. जात पडताळणीचा अर्ज मुदतीत गेला नाही तर जागा जाणार होती. साडूंचं मूळ गाव फुलसावंगी. ते मी राहतो त्या महागावहून जवळ, म्हणून त्यांच्या आजोबांच्या शाळेचा उतारा मी काढून पाठवला. उरली फक्त वंशावळ. जुनी माणसं गेलेली, नावं एकट्या साडूंच्या डोक्यात. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा, मी लिहिते." साडू म्हणाले, "एक नाव चुकलं तं अख्खा अर्ज वापस येते. तुह्यं वर्ष जाईन. म्याच लिहीन." आणि लिहिलं नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. कोरा कागद टेबलावर आणि त्याच्यासमोर घामाघूम झालेले साडू, असं दृश्य त्यांची बायको, म्हणजे माझी साळी, मला रोज फोनवरून सांगायची.

शेवटी मुलीने त्यांना यवतमाळला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तास-दीड तास लहानपणापासूनचं सगळं विचारलं आणि सांगितलं की हा आळस नाही, याला एडीएचडी म्हणतात. काम कळतं, करायचंही असतं, पण सुरुवातच होत नाही. साडूंना अर्थातच संशय आला. "चार अक्षरांचा रोग कुठी असते काय, भाऊ? गोवर म्हना, कावीळ म्हना. हे तं गाडीच्या नंबरसारखं हाये." बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. मोबाईलवर मदतीची साधनं मिळतात, त्यातलं एखादं निवडा आणि वापरा. इथे बाईंचं चुकलं. ग्रेडरला कोणी निवडायला सांगतं का!

साडूंनी सात ॲप उतरवून घेतली आणि प्रत्येकाची प्रतवारी वहीत लिहायला सुरुवात केली. "धागा लांब, पन ओल हाये." "वरून पांढरं, आत कवडी." एकाने मोबाईलमधले सगळे नंबर मागितले. साडू म्हणाले, "याले काम लिहून ठेवायचं हाये तं माह्या मामेभावाचा नंबर कायले पाह्यजे?" आणि ते बाद केलं. दुसऱ्याने नाव विचारलं. स्वतःचं द्यायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी माझं दिलं. त्यानंतर वणीतल्या त्या घरात रोज सकाळी घंटी वाजायची आणि माझं काम अजून बाकी आहे असा माझ्या नावाने पुकारा व्हायचा. साळी तर फोनवर माझ्यावरच संशय घेऊ लागली. तिसरं ॲप मात्र साडूंना पसंत पडलं. त्यात कामाचे बारीक तुकडे करून एकेकावर खूण करायची असते आणि खूण केली की टाळ्या वाजतात. मी मुद्दाम वणीला जाऊन ते बघितलं. पेन घेणे, खूण. टोपण काढणे, खूण. टोपण पेनाच्या मागे लावणे, खूण. कागद सरळ करणे, पंखा कमी करणे, पाणी पिणे. चाळीस खुणा झाल्या होत्या, चाळीसदा टाळ्या वाजल्या होत्या आणि कागदावर एक अक्षर नव्हतं. मुदतीला चार दिवस उरले होते. मी चिडून नको ते बोललो. पोरीच्या देखत त्यांना आळशी म्हणालो आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सकाळची शाळा आटोपून घरी आलो, तोच त्यांचा फोन आला. मी दोन शब्द तुटक बोललो आणि फोन बंद न करताच टेबलावर ठेवून वह्या तपासत बसलो. तासाभराने टेबलावरून आवाज आला, "तीन नावं झाली, भाऊ." मी दचकलो. साडू इतका वेळ फोन कानाशी न धरता समोर ठेवून बसले होते. माझ्या वह्यांची पानं उलटल्याचा आवाज, कुकरची शिट्टी, माझं खाकरणं त्यांना ऐकू येत होतं, आणि हात आपोआप चालायला लागला होता. "उद्याही असाच ठेवा," ते म्हणाले. "बोलू नोका. फक्त राहा."

मला वाटलं, हे आठवं खूळ. पण ठेवला. मधूनच ते विचारायचे, "हाये ना?" मी म्हणायचो, "आहे." पलीकडून पेनाची खरखर यायची. ती थांबली की हा माणूस झोपला की काय, असा संशय यायचा. मग परत खरखर सुरू व्हायची. अशा, पहिली धरून, तीन दुपारी गेल्या.

तिसऱ्या दुपारी खरखर थांबली ती बराच वेळ. मी कान देऊन बसलो.

"बापूचं नाव लिहिलं," साडू वडलांबद्दल म्हणाले. "आमचा बापू आळशी म्हनूनच गेला, भाऊ. वखर अर्ध्यात सोडून बांधावर बसून राहे. सारं गाव हसे. मीबी म्हनलो त्याले, तोंडावर. त्यालेबी हेच असन काय हो?"

"असेल," मी म्हणालो.

"त्याच्यापाशी कोनी बसलंच नाही," ते म्हणाले, आणि पेन पुन्हा चालू लागलं. त्यांचं स्वतःचं आणि मुलीचं नाव अजून राहिलं होतं.

अर्ज मुदतीच्या दिवशी दाखल झाला. खाडाखोड एकही नव्हती. मुलगी आता होस्टेलला असते. साडूंचा अजून अधूनमधून दुपारी फोन येतो. कोणतं काम काढलंय ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. फोन समोर ठेवून आम्ही दोघं आपापलं काम करतो. त्या दिवशी पोरीच्या देखत बोललो त्याबद्दल मला त्यांची माफी मागायची आहे. दर वेळी ठरवतो, शब्दही तयार असतात. ते विचारतात, "हाये ना?" मी म्हणतो, "आहे," आणि पुढचं तोंडातून निघत नाही.