बुरहानपूरला मी सोडून सगळे गेले

गेल्या शनिवारी आम्ही बुरहानपूरला जाणार होतो. आम्ही म्हणजे मी आणि नवरा, दोघंच. चिखलीहून सकाळी निघायचं, एक रात्र लॉजवर काढायची आणि रविवारी संध्याकाळी घरी... एवढाच बेत.

शाळेत इतिहास शिकवते मी. शाही किल्ला, जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख, जमिनीखालून पाणी आणणारा कुंडी भंडारा हे सगळं मुलांना सांगून झालंय, पण स्वतः कधी पाहिलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर या वेळी इतिहास हे निमित्तच होतं. डिसेंबरात घरातलं लग्न झालं, जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन. त्यानंतर अंगात काही उरलंच नव्हतं. कुणीतरी ताट वाढून समोर ठेवावं आणि 'भाजीत मीठ बरोबर आहे का' असं मला कुणी विचारू नये, एवढीच इच्छा होती.

चूक माझीच. लॉज कुठला चांगला हे विचारायला मी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि शेवटी लिहिलं, 'चालता का कोणी?'

आता आमच्याकडे असं म्हणायची रीतच आहे. दवाखान्यात निघालो तरी शेजारणीला 'चालता का?' म्हणतो. समोरच्यानं 'नाही, तुम्ही या जाऊन' म्हणायचं असतं. न विचारता गेलं, तर पुढच्या लग्नापर्यंत बोलणी खावी लागतात.

पण या वेळी सगळे 'हो' म्हणाले.

पहिला मेसेज चुलत दीर संजूभाऊजींचा. 'वहिनी, लॉज कायले पाह्यजे? क्रूझर सांगतो. सकायी निघू, राती वापस.' मग उंद्रीच्या बेबीकाकूंचा व्हॉइस मेसेज, 'मी बी येऊन राह्यली वं, माह्यासाठी खिडकीची जागा ठेवजो.' संध्याकाळपर्यंत क्रूझर भरली आणि दोन दिवसांचा बेत एका दिवसाचा झाला.

नाही म्हणायला हवं होतं का? तीन दिवस हाच विचार करत होते. पण मीच बोलावलेल्या माणसांना कसं सांगणार की ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं... नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "येऊ दे ना, तेवढीच मजा." मजा त्याची होती. मला फोन येत होते. कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाला गाडीत मागे बसलं की उलटी होते. कुंडी भंडाऱ्यात उतरायला लिफ्ट आहे का, हे तर चार जणांनी विचारलं.

शुक्रवारी संध्याकाळी परातीत धपाट्यांचं पीठ घेऊन बसले. भली मोठी परात. थोडं मळलं आणि हात थांबलेच. रडू वगैरे नाही आलं. नुसती पिठात हात ठेवून भिंतीकडे पाहत बसले.

सासूबाई दारात कधीच्या उभ्या होत्या कोण जाणे. गुडघ्यांमुळे त्या येणारच नव्हत्या. म्हणाल्या, "खरं सांग, तुले बुरानपूर पाहाचं हाय का झोपाचं हाय?"

"झोपायचंय, आई." विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं.

"मंग ऊठ. हे मी पाह्यतो." परात त्यांनी स्वतःकडे ओढली. "तुह्या जागी मीच जातो. अन् त्यालेबी घेऊन जातो. घरी राह्यला तं घडीघडी चहा मांगन."

सकाळी दारात क्रूझर आली. 'तिले बरं नाही' असं सासूबाईंनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. बेबीकाकू उतरून आत आल्या आणि माझ्या कपाळाला हात लावला. "काऊन वं, ताप तं लागत नाही!"

सासूबाई पायरीवरून शांतपणे म्हणाल्या, "आतला ताप हाय तो. हाताले नाही लागत."

गाडी गेली. दार लावलं आणि वाटलं, आपण खोटं बोललो की नाही? बोलले तर नव्हते. गप्प राहिले होते, ते बोलण्याइतकंच झालं... या विचारातच झोप लागली. दुपारी उठले, कालची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, परत झोपले. बेल नाही, कुकर नाही. घर इतकं शांत असतं हे मला माहीतच नव्हतं.

रात्री मंडळी परतली. सासूबाई गाडीतून उतरल्या त्या माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकूनच. दोन्ही गुडघे सुजलेले. तेल गरम करून चोळायला बसले आणि उत्साहानं विचारलं, "आई, किल्ल्यातल्या हमामखान्याच्या छतावरची नक्षी पाहिली का?"

"पाहाले भेटलंच कुठी व... बेबी हरपली, तिले धुंडलं. संजूच्या पोरीनं उलटी केली. जेवाले वाढलं, भांडे धुतले. किल्ल्याच्या बाहीर चपलांपाशी मीच बसेल होती." आणि डोळे मिटून घेतले.

मी चोळत राहिले. तो सगळा दिवस माझा होता, जसाच्या तसा. त्या दिवशी मी झोपले म्हणून त्यातलं काहीच टळलं नव्हतं. एका सत्तरीच्या बाईनं ते दुखऱ्या गुडघ्यांवर निभावून आणलं होतं. हे आधी सुचलं असतं तर मी गेले असते का? प्रामाणिकपणे सांगते, माहीत नाही. इतकी थकले होते.

त्यांच्या तोंडावर आभार मानले तर "पुरे व आता" म्हणून पाय ओढून घेतील. त्या फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे लिहितेय... आई, मी खूप झोपले. बरं वाटतंय.